तिथे झाड नव्हतं

माझा भाऊ दातांच्या कवळ्या बनवतो आणि मी कपडे शिवते. आमच्या गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं त्याच्या दातांनी जेवतात आणि माझे कपडे घालून फिरतात. आम्ही दोघं नसतो तर ही माणसं चारचौघांत तोंड दाखवायच्या लायकीची राहिली नसती, असं मी म्हणते. तो यावर हसतसुद्धा नाही. लहानपणी दिवसभर तोंडाने इंजिनाची शिट्टी वाजवायचा, म्हणून मी त्याला शिट्ट्या म्हणते. आता डोक्यावर चार केस उरलेत, पण माझ्यासाठी तो शिट्ट्याच.

घर एकच. पुढे माझं दुकान, मागे त्याचं कामाचं टेबल, मधल्या खोलीत आई, आणि वर माळा. कवळ्यांचं काम आटपलं की हा माळ्यावर. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लायवूड टाकून त्याने रेल्वे उभी केलीय. डोंगर कवळ्यांच्या प्लास्टरचे. जरा खरवडले तर आतून कुणाचा तरी जबडा निघेल, अशी मला कायम भीती. रुळांखालची खडी म्हणजे चहाच्या गाळणीने चाळलेली वाळू, आणि गाळणी अर्थातच माझी. मालगोदामाचं छप्पर हिरड्यांच्या त्या गुलाबी मसाल्याचं, वरून करडा रंग. तारांच्या खांबांसाठी दोरा माझ्या दुकानातला. मी चांगला बारीक, मेण लावलेला दोरा दिला, तर म्हणतो, "ताई, हा तारेपेक्षा जाड आहे." हातात कात्री होती, फेकली नाही एवढंच.

असा हा माणूस. पहिला फलाट नखभर लांब झाला म्हणून सगळा उचकटून पुन्हा केला. मी म्हटलं, अरे कोण मोजायला येणार आहे? तर म्हणाला, "मीच येणार आहे." एका मुलीशी जमत आलं होतं त्याचं. बिचारी कौतुकाने माळ्यावर चढली, सगळं पाहिलं, म्हणाली, इथे एक तळं छान दिसेल. हा म्हणाला, "तिथे तळं नव्हतं." ती जिना उतरली ती उतरलीच. मी कपाळावर हात मारून घेतला. त्याचं आपलं एकच पालुपद, जे नव्हतं ते लावायचं नाही.

नव्हतं म्हणजे कुठे, ते सांगायला हवं. ही रेल्वे काही मनाने रचलेली नाही. आमचे बाबा एका लहान स्टेशनावर सिग्नलच्या केबिनमध्ये कामाला होते. दांडे ओढायचे, सिग्नल पाडायचे, गाडी काढून द्यायची. मी तेव्हा चड्डीत होते आणि शिट्ट्या आईच्या पोटात. एके दिवशी एक मालडबा गोदामाकडून केबिनच्या मागून येणाऱ्या रुळावरून आपोआप घरंगळला आणि पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. बाबांनी पॅसेंजरला सिग्नल दिला. गाडी त्या डब्यावर आदळली, इंजिनावरचा एक माणूस गेला. चौकशी झाली. कागदावर आलं की केबिनमधून डबा स्पष्ट दिसत होता, सिग्नलवाल्याचं लक्ष नव्हतं. बाबांची नोकरी गेली. पुढे ते गोदामात पोती मोजायचे, आणि लांबून गाडीची शिट्टी आली की मोजता मोजता चुकायचे. मग तेही गेले.

आई या विषयावर कधी बोलली नाही. आम्ही खोदून खोदून विचारलं की एकच वाक्य, "त्यांना दिसत नव्हतं." पुढे काही नाही. तोंडाला कुलूप.

शिट्ट्याने त्या एका वाक्यावर अख्खं आयुष्य घातलं. दिसत नव्हतं ना? मग मी तसंच्या तसं बांधतो आणि दाखवतो की दिसत नव्हतं. तो त्या जागी जाऊन आला. पूल अजून आहे, रुळांचं वळण तेच आहे. ते सगळं स्वतः मोजून आणलं. केबिन मात्र केव्हाच पाडलेली. तिचा फोटो मिळेना म्हणून त्याचं घोडं कित्येक वर्षं अडलं होतं. शेवटी त्याच्यासारख्याच गाडीवेड्यांच्या ग्रुपवर कुणा म्हाताऱ्याने जुनी फिल्म स्कॅन करून टाकली, आणि त्यात होती आमची केबिन. समोरून, रुळांवरून काढलेली. जिन्याच्या वरच्या पायरीवर बाबा उभे. मला तो फोन दाखवत होता तर मी उठून गेले. बाबांच्या तोंडाकडे मला बघवत नाही.

फोटो मोठा करून त्याने माळ्याच्या भिंतीला लावला आणि त्यावर पेन्सिलीने रेघाच रेघा मारल्या. बाबांची उंची आईकडून माहीत होती, तिच्यावरून पायऱ्या मोजल्या, पायरीवरून विटा, विटांवरून खिडक्या. बाबांची त्याने फूटपट्टी केली होती. त्यातून बोटभर उंचीची केबिन झाली. काचा आत सरकतात, दार उघडतं, कठड्याला रंगाचे पोपडेसुद्धा.

हे झालं उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. मग आईचे डोळे. काचबिंदू. एक डोळा गेलेलाच होता, दुसऱ्याबद्दल डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आहे ते सांभाळायचं, गेलेलं परत येत नाही. आईने ते शांतपणे ऐकलं आणि घरी येताना रिक्षात म्हणाली, "डोळे आहेत तोवर मला त्याची गाडी बघायचीय."

ज्या बाईने इतक्या वर्षांत माळ्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला नव्हता, ती हे म्हणाली. मला इतका आनंद झाला की शिट्ट्याला सांगायला धावतच गेले. त्याचा चेहरा कवळीच्या प्लास्टरसारखा पांढरा पडला.

रविवारी दुपारी आईला वर न्यायचं ठरलं. जेवणं झाली, मी भांडी घासत होते, तर हा माळ्यावरून दबक्या आवाजात, "ताई, जरा वर ये. एकटी ये."

गेले. दार लावून घेतलं त्याने.

"आईला वर येऊ देऊ नकोस."

"का?"

त्याने फोन माझ्या हातात दिला. केबिनच्या आत, बाबांचे डोळे ज्या उंचीवर असतील तिथे त्याने वाटाण्याएवढा कॅमेरा बसवलाय. कॅमेऱ्याला दिसेल ते फोनवर. रूळ केबिनच्या समोरून जातात आणि पुलाकडे मागे वळतात, त्यामुळे पुलाचं तोंड समोरच्या काचांतून दिसत नाही. पण केबिनच्या एका बाजूला जिना, दार आणि भिंत आहे आणि दुसरी बाजू पूर्ण काचेची. काचेची बाजू पुलाकडे. त्या काचेतून पूल दिसत होता, आणि पुलाच्या तोंडाशी तांबडा मालडबा. स्पष्ट. माझ्यासारख्या चष्मेवालीलासुद्धा चाकं मोजता आली असती.



"कधीपासून माहीत आहे तुला?"

"केबिन बसवली त्या दिवसापासून."

"आणि गप्प बसलास?"

"काय सांगू? बाबांना दिसत होतं, असं सांगू?"

खाली आईची काठी वाजली. ती उठली होती. मी इकडे तिकडे पाहिलं. खिडकीत त्याचा झाडांचा खोका होता. तारेची खोडं, वर हिरवा भुसा.

"एक झाड लाव," मी म्हटलं.

"काय?"

"झाड. पुलाच्या आणि केबिनच्या मध्ये. दाट बघून. आई बघेल, समाधान होईल तिचं, विषय संपेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तिथे झाड नव्हतं, ताई."

"तू होतास का तिथे बघायला? पोटात होतास!"

"फोटोत नाहीये."

"फोटोत पूलही नाहीये! मेल्या, एक झाड लावायला तुझं काय जातंय? तिचा एक डोळा उरलाय, त्या डोळ्याने काय बघायचं तिने? नवऱ्याचा गुन्हा?"

"मग हे सगळं मी कशाला बांधलं?" त्याचा आवाज फुटला. "झाडच लावायचं होतं तर पहिल्या दिवशी लावलं असतं. जे नव्हतं ते..."

"पुरे तुझं!" मी त्याला इतक्या जोरात कधी बोलले नव्हते. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याची ती सगळी रेल्वे जबड्यांच्या डोंगरासकट खिडकीबाहेर फेकावीशी वाटली.

तेवढ्यात जिन्यावर काठी. टक. मग पाय. मग थांबून श्वास. आई एकटीच चढत होती. मी धावले तर म्हणाली, "धरू नकोस मला. जिने चढलेय मी." टक. पुन्हा पाय. प्रत्येक पायरीला मला वाटत होतं, आता म्हणेल नको, जाऊ दे, परत फिरेल. फिरली नाही. मी मागे वळून शिट्ट्याकडे डोळे वटारले, खोक्याकडे बोट केलं. तो हात मागे बांधून उभा. झाडाला हात लावला नाही. घोड्यासारखा अडलेला.

आई आत आली. दारातच थांबली. तिच्या एका डोळ्याला किती दिसलं देव जाणे, पण नाकाला कळलं. "तेलाचा वास तसाच आहे," म्हणाली. इंजिनांना तो घालतो ते तेल.

आम्ही तिला खुर्चीवर बसवलं. ती म्हणाली, "चालव."

पॅसेंजर सुटली. लहानशी करकर करत डोंगर फिरून स्टेशनाकडे यायला लागली. शिट्ट्याने फोन तिच्या डोळ्याजवळ धरला.

"आई, हे बाबांना दिसत होतं ते," तो म्हणाला.

आईने फोन नाकाशी नेला. खूप वेळ. गाडी येऊन सिग्नलपाशी थांबली, त्याने थांबवली. आईच्या ओठांची हालचाल झाली.

"तांबडं काय आहे?"

मी डोळे मिटून घेतले.

"मालडबा," शिट्ट्या म्हणाला.

"म्हणजे दिसतोय."

"हो, आई."

एवढंच. ना रडली, ना ओरडली. फोन खाली ठेवला आणि हात पुढे केला. "केबिन कुठाय?"

त्याने तिचं बोट धरून केबिनवर नेलं. आईची बोटं केबिनवरून फिरायला लागली. छप्पर, वळचण, समोरच्या काचा. बोटाखाली हलकासा कट्ट आवाज झाला, कठड्याचा एक गज मोडला. शिट्ट्याने जीभ चावली. बोटं जिन्यावर आली, खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

"हा जिना कुठल्या बाजूला आहे?"

"गोदामाच्या."

"आणि पुलाकडे?"

"पुलाकडे काच."

"नाही," आई म्हणाली. "उलटं आहे."

"आई, फोटो आहे माझ्याकडे. फोटोवरून केलंय, वीट न वीट."

"फोटो राहू दे तुझा. आपलं घर पुलापलीकडे. पूल ओलांडला की समोर जिना. मी कधी केबिनला वळसा घातला नाही, तू पोटात असताना तर एक पाऊल जास्तीचं जड व्हायचं. उजव्या हातात त्यांच्या जेवणाचा डबा, डाव्या हाताला कठडा. या जिन्याचा कठडा उजवीकडे येतो. मग डबा काय डोक्यावर नेत होते मी?"

शिट्ट्या भिंतीवरच्या फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघायला लागला. फोटोत जिना डावीकडे. दगडावरची रेघ. "आई, इतक्या वर्षांपूर्वीचं... माणसाला चुकीचं आठवतं."

"गुडघ्यांना नाही आठवत चुकीचं," आई म्हणाली.

मी फोटोपाशी गेले. पहिल्यांदा गेले. बाबांच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून शर्टाकडे बघितलं. आमचा धंदाच तो. त्याचं भिंग खुंटीवर होतं, ते घेऊन पेन्सिलीच्या रेघांमधून नीट बघितलं. कॉलर, खांद्याची शिवण, बटणपट्टी. बटणपट्टी बायकांच्या कपड्यासारखी, उजवी बाजू वर. आणि खिसा उजव्या छातीवर.

"शिट्ट्या," मी म्हटलं. "पुरुषाच्या शर्टाचा खिसा उजवीकडे शिवणारा शिंपी अजून जन्माला यायचाय."

तो आला. भिंग घेतलं. बघत राहिला.

"तुझ्या त्या म्हाताऱ्याने फिल्म उलटी ठेवली असणार," मी म्हटलं. "आरशातल्यासारखं सगळंच डाव्याचं उजवं झालंय. अरे, विटा मोजल्यास तू, पायऱ्या मोजल्यास, आणि ज्याला उभं करून मोजल्यास त्याच्याकडे एकदा बघायचं नव्हतं का रे?"

त्याच्या चष्म्यावर वाफ आली. मला वाईट वाटलं बोलल्याचं, पण जीभ आहे ना, उचलली आणि लावली टाळ्याला. त्याने मुकाट्याने पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला. पुलाकडच्या काचेवर लावला. तिथे आता भिंत आणि बंद दार. फोनवर पूल गेला, डबा गेला. समोर मोकळे रूळ, आणि सिग्नलपाशी वाट बघत असलेली पॅसेंजर. कुणीही सिग्नल दिला असता. मी दिला असता.

"दिसत नाही," शिट्ट्या म्हणाला. मग लहान मुलासारखा ओरडला, "आई, खरंच दिसत नव्हतं! बाबांना दिसत नव्हतं!"

मी रडायलाच लागले. भावाला मिठी मारली, त्याच्या डोक्यावरचे चार केस विस्कटले. आणि मग आमच्या दोघांच्या लक्षात आलं की आई हसत नाहीये.

"दार बंद होतं म्हणून दिसत नव्हतं," ती म्हणाली. "दार मी लावलं होतं."



"त्यांना खोकला होता. त्या बाजूने वारा यायचा. ते दार उघडंच ठेवायचे, पूल दिसावा म्हणून. मी जेवणाचा डबा ठेवला, आणि जाताना दार ओढून घेतलं. म्हटलं, घास पोटात जाईपर्यंत तरी वारा नको. मी पुलावर होते तेव्हा मागून आवाज झाला, मालडबा घरंगळल्याचा. मला वाटलं असेल काहीतरी. मी वळून नाही बघितलं." ती थांबली. "केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला मनाई. त्यांनी मला शपथ घातली, तू वर आलीच नव्हतीस असं सांग. बायकोशी गप्पा मारत होता, असं म्हणतील. दार बंद होतं हे त्यांनी चौकशीत सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर विचारलं असतं, कुणी लावलं."

जी बाई आम्हाला वाटायचं बाबांना पाठीशी घालतेय, तिला बाबांनी पाठीशी घातलं होतं, आणि ते पोती मोजत मेले. आणि आत्ता, इथे, जिना उलटा आहे हे ती बोलली नसती तर दोष बाबांचा राहिला असता आणि ती सुटली असती. तरी बोलली.

"एवढंच सांग मला," आई शिट्ट्याला म्हणाली. "तुझं माप बरोबर असतं म्हणतात. दार उघडं असतं, तर त्यांना मालडबा दिसला असता का?"

अरे देवा, असं मला झालं. कारण उत्तर आम्ही तिघांनीही आत्ताच पाहिलं होतं. काचेतून दिसत होता, तर उघड्या दारातून दिसणार नाही? आणि विचारत होती कुणाला, तर नखभर फलाटासाठी सगळं उचकटणाऱ्या माणसाला. तळं नव्हतं म्हणून संसार सोडून दिलेल्या माणसाला. मनात म्हटलं, शिट्ट्या, एकदा, आयुष्यात एकदा.

तो उठला. खिडकीपाशी गेला. खोका उघडल्याचा आवाज आला. मग येऊन पुलाच्या आणि केबिनच्या मध्ये वाकला, टोच्याने प्लास्टरला भोक पाडलं आणि त्यात एक झाड बसवलं. दाट, बुटकं, गोल. दोन बोटांनी बुंध्याशी भुसा दाबला.

"नसता दिसला, आई," तो म्हणाला. "दार उघडं असतं तरी नसता दिसला. इथे झाड होतं."

आईने हात पुढे केला. त्याने तिचं बोट धरून झाडापर्यंत नेलं. तिने ते शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चाचपलं. बुंध्याशी नुकतीच पडलेली प्लास्टरची पूड तिच्या बोटाला लागली. ती पूड तिने अंगठ्याने चोळली.

"होतं का?" ती म्हणाली.

"होतं."

"मी रोज जायचे तिथून."

शिट्ट्याचे कान लाल झालेले. खोटं बोलायची सवय नाही त्याला, लगेच दिसतं.

आईने बराच वेळ त्याचा हात सोडला नाही. मग म्हणाली, "मी दार लावलं, तू झाड लावलंस," आणि त्याच्याच हाताचा आधार घेऊन उठली. "चल, मला खाली ने. कठडा कुठल्या हाताला येतो ते सांग."

"डाव्या, आई," तो म्हणाला.

ते झाड अजून तिथेच आहे. बाकीची केबिन त्याने नव्याने केली, जिना सरळ बाजूला घेतला, मोडलेला गज बसवला. झाडाला मात्र हात लावला नाही, आणि मीही त्याला त्यावरून कधी चिडवलं नाही.